कार्ड आपलं, ड्रायव्हर कुणाचा?

"चित्र कुणाचं चांगलं, एनव्हिडियाचं की एएमडीचं?" म्हापशाच्या कुठल्याही कॉम्प्युटरच्या दुकानात थोडा वेळ थांबलात तर हा प्रश्न कानावर पडतोच. उत्तरंही ठरलेली. एएमडीचे रंग भडक, एनव्हिडियाचं चित्र फिकं पण वेगवान, इंटेलच्या वाटेला जाऊ नये. दुकानदार सांगतो, गिऱ्हाईक मान डोलावतं आणि ग्राफिक्स कार्डाचा, म्हणजे पडद्यावरचं चित्र घडवणाऱ्या भागाचा, चाळीस-पन्नास हजारांचा व्यवहार ऐकीव गोष्टींवर उरकतो. हे कार्ड आणखी आठ वर्षांनी चालवायची जबाबदारी कुणाकडे असणार, हा प्रश्न कुणी काढत नाही. घरच्या गिऱ्हाइकाने नाही काढला तर नुकसान त्याचं एकट्याचं. पण शाळा-कॉलेजांच्या संगणक कक्षांसाठी सरकारी पैशाने यंत्रं घेतली जातात तेव्हा हा प्रश्न निविदेत लेखी असायला हवा, आणि त्याचं उत्तर खरेदी ठरवण्याइतकं महत्त्वाचं मानलं जायला हवं, असं माझं म्हणणं आहे.

चित्राचा वाद एके काळी अगदी खरा होता. २००१ साली एटीआयच्या (ही कंपनी पुढे एएमडीने घेतली) रेडिऑन ८५०० कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, 'क्वेक ३' हा खेळ नावावरून ओळखतो आणि त्या खेळापुरता भिंती-जमिनींवर चढवलेल्या चित्रांचा, म्हणजे टेक्स्चरचा, दर्जा गुपचूप खाली आणतो, हे उघडकीला आलं. परीक्षकांनी खेळाच्या फाइलमधलं 'क्वेक' बदलून 'क्वॅक' केलं. तेवढ्याने चित्र सुधारलं आणि वेग घटला. २००३ साली पाळी एनव्हिडियाची. 'थ्रीडीमार्क ०३' या चाचणीत कॅमेरा कुठून कसा फिरणार हे आधीच ठाऊक असल्यामुळे, त्याला न दिसणारा भाग काढायचं कामच ड्रायव्हर टाळत होता, असं ती चाचणी बनवणाऱ्या फ्यूचरमार्क कंपनीने जाहीर केलं. त्याच काळात टेक्स्चर फिल्टरिंगमध्येही काटकसर चाले. खेळातला लांब रस्ता तिरक्या नजरेने पाहिला की त्यावर कुठे दर्जा बदलतो ते पट्टे उमटलेले दिसत. या सगळ्यात चिपचा दोष नव्हता. लबाडी होती ती ड्रायव्हरमध्ये, म्हणजे बाहेरच्या कुणाला वाचायलाच न मिळणाऱ्या मजकुरात. परीक्षकांना फाइलचं नाव बदलण्यासारख्या हिकमती लढवाव्या लागल्या त्या त्यामुळेच.

आता तशी परिस्थिती उरलेली नाही. खेळाने कार्डाशी कसं बोलायचं ते ठरवणाऱ्या डायरेक्टएक्स १२ आणि वल्कन यांच्या नियमांत कुठला पिक्सेल कसा काढायचा हे बरंच काटेकोर लिहिलेलं आहे, ड्रायव्हरला त्याच्या चाचण्या पार कराव्या लागतात. एकच खेळ, तीच सेटिंग, कुठलीही वाढीव करामत बंद ठेवून तिन्ही कंपन्यांच्या कार्डांवर स्थिर चित्रं घेतली, तर शेजारी शेजारी ठेवूनही कुठलं कुणाचं ते ओळखणं जवळजवळ अशक्य आहे. मग ते भडक-फिक्याचं काय? त्याचा उगम बहुधा केबलमध्ये असतो. टीव्हीच्या जगात काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची पट्टी १६ ते २३५ अशी मोजतात, कॉम्प्युटरच्या जगात ० ते २५५. कार्डाला वाटलं की एचडीएमआयच्या पलीकडे टीव्ही आहे आणि त्याने आखूड पट्टी पाठवली, पण मॉनिटर मात्र पूर्ण पट्टीची वाट पाहत बसला, की काळा रंग राखेसारखा दिसतो. एनव्हिडियाच्या ड्रायव्हरबद्दल ही तक्रार वर्षानुवर्षं होती. सेटिंगमध्ये जाऊन एक पर्याय बदलला की काम होतं. पण ज्याने तो बदलला नाही त्याने आयुष्यभर 'एनव्हिडियाचे रंग फिके' म्हणत राहायचं. उरलेला फरक मॉनिटरच्या पॅनेलचा. स्वस्त पॅनेल मूळ सहा बिटांचं असतं आणि आठ बिटांचा आभास करतं. त्याच्यापुढे कुठलंही कार्ड लावा.

खरा फरक सध्या आहे तो अपस्केलिंगमध्ये. खेळ कमी रिझोल्यूशनवर काढायचा आणि शिकवलेल्या न्यूरल नेटवर्ककडून तो मोठा करून घ्यायचा, हा एनव्हिडियाच्या डीएलएसएसचा मार्ग. २०१८ साली तो आला तेव्हा चित्र पुसट यायचं; २०२० च्या दुसऱ्या आवृत्तीने ते सावरलं आणि २०२५ च्या नव्या मॉडेलने आणखी पुढे नेलं. एएमडीने २०२१ मध्ये एफएसआर आणलं, तेही मुक्त स्रोत (मूळ कोड कुणालाही वाचता-बदलता येईल अशा) परवान्याखाली आणि कुठल्याही कंपनीच्या कार्डावर चालेल असं. दानत मोठी होती, चित्र मात्र मागे होतं. खेळात नारळाची झावळी वाऱ्यावर हलते, विजेच्या तारा आकाशावर रेघ ओढतात, अशा जागा पाहा: एफएसआरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आवृत्तीत तिथे लुकलुक आणि कातरल्यासारख्या कडा दिसायच्या. मार्च २०२५ मध्ये आरएक्स ९००० मालिकेबरोबर आलेल्या एफएसआर ४ ने न्यूरल नेटवर्कचाच रस्ता धरला आणि अंतर फार कमी केलं. इंटेलचं एक्सईएसएस या दोघांच्या मध्ये कुठेतरी. माझ्या डोळ्याला डीएलएसएस अजूनही थोडं सरस वाटतं, विशेषतः वेगाने फिरणाऱ्या दृश्यात. एनव्हिडियाच्या बाजूने बोलायचं तर हा मुद्दा प्रामाणिक आहे आणि तो मी कमी लेखत नाही.

पण हे अपस्केलिंग म्हणजे शेवटी सॉफ्टवेअर. ते कुठल्या कार्डाला द्यायचं आणि कुठल्याला नाकारायचं, हे कंपनी ठरवते. २०२५ मध्ये एएमडीने एफएसआर ४ फक्त ९००० मालिकेला दिलं, कारण त्याला लागणारं आठ बिटांचं एफपी८ गणित आधीच्या ७००० मालिकेच्या चिपमध्ये नाही. विंडोजवर कंपनीच्या लेखी विषय तिथेच संपला. लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवर मात्र संपला नाही. मेसा हा लिनक्सचा सामायिक ग्राफिक्स ड्रायव्हर-संच; त्यातल्या रॅडव्ही या वल्कन ड्रायव्हरवर काम करणाऱ्यांनी ते गणित उपलब्ध सूचनांतून घडवून घेण्याची सोय केली, आणि ७००० मालिकेच्या कार्डांवर, विंडोजचे खेळ लिनक्सवर चालवणाऱ्या प्रोटॉनमधून, एफएसआर ४ चालू लागलं. वेग थोडा कमी, चित्र नवं. परवानगी मागावी लागली नाही, कारण ड्रायव्हर सर्वांच्या हातात होता.

याच्या उलट उदाहरणही त्याच वर्षीचं आहे. आरटीएक्स ५० मालिका २०२५ च्या सुरुवातीला आली तेव्हा एनव्हिडियाने ३२ बिट कुडाचा (कार्डाकडून चित्राखेरीजची गणितंही करून घेणाऱ्या तिच्या सॉफ्टवेअरचा) आधार काढून घेतला. त्याबरोबर खेळातल्या वस्तूंच्या हालचाली घडवणारं ३२ बिट फिजएक्सही गेलं. परिणाम असा की जुन्या काही खेळांतला धूर, उडणारा कागद, फाटणारं कापड हे सगळं लाखभराच्या नव्या कार्डावर एक तर बंद ठेवावं लागे, नाही तर प्रोसेसरवर पडून खेळ रखडे. त्याच खेळांत दहा-बारा वर्षांपूर्वीचं कार्ड जास्त चांगलं चित्र देत होतं! ओरड झाली, आणि डिसेंबर २०२५ च्या ड्रायव्हरमध्ये निवडक खेळांपुरतं ते परत आलं. परत आलं हे चांगलंच झालं. पण 'निवडक' कोणते, हे पुन्हा कंपनीनेच ठरवलं.

म्हणून चित्राचा दर्जा आणि ड्रायव्हरचा आधार हे दोन वेगळे रकाने करून तुलना मांडायची जी पद्धत आहे ती मला पटत नाही. चित्र ड्रायव्हरमधूनच येतं, आणि ड्रायव्हर कुणाच्या ताब्यात आहे यावर उद्याचं चित्र ठरतं.

लिनक्सवर हे नागडं दिसतं. एएमडीने २००६ साली एटीआय विकत घेतली, तेव्हा लिनक्सवर एटीआयचा बंदिस्त ड्रायव्हर म्हणजे एफजीएलआरएक्स. ज्यांनी तो वापरला त्यांच्यापुढे हे नाव अजूनही काढू नये. २००७ मध्ये एएमडीने आपल्या चिपची कागदपत्रं खुली करायला सुरुवात केली. २०१५ मध्ये एएमडीजीपीयू हा मुक्त ड्रायव्हर थेट कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, दाखल झाला. २०१६ मध्ये कंपनीबाहेरच्या दोन प्रोग्रॅमरांनी रॅडव्ही सुरू केला, पुढे स्टीम हे खेळांचं ऑनलाइन दुकान चालवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने त्यात पैसे आणि माणसं घातली, आणि तो इतका सरस निघाला की २०२५ मध्ये एएमडीने आपला स्वतःचा मुक्त वल्कन ड्रायव्हर बंद करून रॅडव्हीलाच पाठिंबा जाहीर केला. कंपनीच्या चिपचा सर्वांत चांगला ड्रायव्हर कंपनीने लिहिलेला नाही, ही गोष्ट पचवायला थोडा वेळ लागतो.

मुक्त ड्रायव्हरच्या वाटेत काटे कंपन्यांनीच पेरले होते असंही नाही. एस३टीसी ही टेक्स्चर दाबण्याची पद्धत जवळजवळ प्रत्येक खेळात असे, पण तिच्यावर पेटंट होतं, म्हणून मेसात ती थेट घालता येत नसे. वापरणाऱ्याने एक वेगळी लायब्ररी शोधून बसवायची, नाही तर टेक्स्चर गायब. ऑक्टोबर २०१७ मध्ये पेटंटची मुदत संपली आणि ती पद्धत लगेच मेसात आली.

एनव्हिडियाची गोष्ट वेगळी. २०१२ मध्ये फिनलंडच्या आल्टो विद्यापीठात लिनक्सचा जनक लिनस टॉरवाल्ड्सने भर सभेत कॅमेऱ्याकडे मधलं बोट दाखवलं ते या कंपनीसाठी. तो प्रसंग सर्वांना पाठ आहे. त्यामागची पार्श्वभूमी मात्र कमी जणांना माहीत असते. कंपनीचा बंदिस्त ड्रायव्हर वेगवान होता, पण कर्नलच्या बाहेर राहत होता, त्यामुळे प्रत्येक नव्या कर्नलबरोबर त्याचं मोड्यूल पुन्हा बांधावं लागे आणि कधी तरी अपडेटनंतर पडदा काळा. दुसरीकडे नुव्हो नावाचा मुक्त ड्रायव्हर स्वयंसेवकांनी चिपचं वागणं निरखून, उलट अभियांत्रिकीने लिहिला. त्याची वाट २०१४ पासून अडली. जीटीएक्स ९०० मालिकेपासून कार्डाला एनव्हिडियाच्या डिजिटल सहीचंच फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारं सॉफ्टवेअर, लागतं, आणि चिपच्या घड्याळाचा, म्हणजे तिच्या कामाचा, वेग वाढवण्याचा अधिकार त्या सहीकडे असतो. नुव्होखाली ९०० आणि १० मालिकेची कार्डं चालू होताना ज्या मंद वेगाने जागी होतात, त्याच वेगाने शेवटपर्यंत चालतात.

मे २०२२ मध्ये एनव्हिडियाने कर्नलचा भाग मुक्त स्रोत केला. ट्युरिंग, म्हणजे २०१८ च्या पिढीपासून पुढच्या कार्डांसाठी. आरटीएक्स ५० मालिका तर फक्त त्या मुक्त मोड्यूलवरच चालते. त्याच नव्या फर्मवेअरच्या आधारे मेसामध्ये एनव्हीके हा मुक्त वल्कन ड्रायव्हर आकाराला आला. ही प्रगती खरी आहे. पण खेळाचं चित्र जिथे घडतं तो वरचा थर, वल्कन, ओपनजीएल, डीएलएसएस, कुडा, हे सगळं अजून बंद पेटीत आहे. आणि जुन्या पिढ्यांच्या हाती यातलं फारसं काही लागलेलं नाही.

त्या जुन्या पिढ्यांचं काय झालं ते पाहा. जीटीएक्स १०६० हे १० मालिकेतलं २०१६ चं कार्ड, आपल्याकडे अजून भरपूर घरांत आहे आणि ओएलएक्सवर अजून खपतं. विंडोजवर या पिढीच्या नव्या ड्रायव्हरांची मालिका ऑक्टोबर २०२५ ला थांबली, सुरक्षेपुरते अपडेट २०२८ पर्यंत मिळणार. नऊ वर्षं सांभाळलं, हे कुठल्याही मापाने कमी नाही. तेवढं श्रेय कंपनीला द्यायलाच हवं. लिनक्सवर ५८० ही त्यांच्या ड्रायव्हरची शेवटची शाखा. डिसेंबर २०२५ मध्ये आर्च लिनक्स या लिनक्सच्या एका प्रकाराने ५९० शाखा घेतली तेव्हा ज्यांनी सूचना न वाचता अपडेट मारला त्यांच्या या पिढीच्या कार्डांवर डेस्कटॉपच उघडेना. बंदिस्त ड्रायव्हर पुढे निघून गेला, आणि मुक्त ड्रायव्हरला सहीअभावी वेग वाढवता येत नाही. कार्डाची चिप ठणठणीत आहे. तिला पुढे चालवणारा माणूस नाही, आणि दुसऱ्याने चालवायचं म्हटलं तर किल्ली मिळत नाही.

आता समोरची बाजू. एएमडीची २०१२ ची एचडी ७००० मालिका. विंडोजवर कंपनीने २०२१ मध्येच तिचा हात सोडला, म्हणजे एनव्हिडियापेक्षा उदार वागली असं अजिबात नाही. ऑक्टोबर २०२५ च्या अखेरीस आरएक्स ५००० आणि ६००० मालिकेलाही देखभालीच्या शाखेत ढकलायची भाषा झाली आणि लोक खवळल्यावर खुलासे आले. पण लिनक्सवर त्या २०१२ च्या कार्डांचा आधार कर्नलमध्ये आहे, आणि अलीकडेच व्हॉल्व्हसाठी काम करणाऱ्या एका प्रोग्रॅमरच्या कष्टाने ती जुन्या ड्रायव्हरवरून नव्या एएमडीजीपीयूवर आणली गेली. त्यांना वल्कनही मिळालं. एकाच कंपनीचं एकच कार्ड, एका ठिकाणी निवृत्त, दुसऱ्या ठिकाणी चौदाव्या वर्षी सुधारणा. फरक कंपनीच्या मनाच्या मोठेपणाचा नाही. एके ठिकाणी कंपनीने काम सोडल्यावर ते उचलण्याचा हक्क दुसऱ्याला होता, एवढंच.

गोव्याच्या दृष्टीने हा विषय मी का ताणतोय? कारण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपुढचा प्रोसेसर लागतो. पेडण्यापासून काणकोणापर्यंत शाळांच्या संगणक कक्षांत यापेक्षा जुनी यंत्रं असणार, हे सांगायला पाहणीची गरज नाही. त्यांच्यापुढे शेवटी दोनच रस्ते: भंगार किंवा लिनक्स. आणि लिनक्सवर जायचं ठरवलं की पहिली ठेच लागते ग्राफिक्सची. कितीतरी जोडणीच्या यंत्रांत जीटी ७१० नावाचं छोटं कार्ड असतं. २०१४ चं, केप्लर पिढीचं, वर्षानुवर्षं 'ऑफिससाठी पुरे' म्हणून विकलं गेलेलं. त्याची लिनक्सवरची ४७० शाखा २०२४ मध्ये बंद झाली. नुव्होवर डेस्कटॉप दिसेल, मराठीत टंकलेखन होईल, पण घड्याळ हाताने आणि आपल्या जबाबदारीवर वाढवावं लागेल. शाळेतल्या सरांनी हे करावं अशी अपेक्षा आहे का? बहुधा यंत्र कोपऱ्यात जाईल आणि त्यावर परीक्षेचे गठ्ठे रचले जातील.

गोव्याला हा विषय नवा नाही, हेच आश्चर्य. २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत परदेशस्थ गोवेकर आणि इथले स्वयंसेवक यांनी मिळून 'गोवा स्कूल्स कॉम्प्युटर्स प्रोजेक्ट' चालवला होता. बाहेरचे वापरलेले संगणक आणून शाळांना द्यायचे आणि त्यांवर लिनक्स चालवायचं, अशी ती कल्पना. पुढे पर्रीकर सरकारच्या काळात सायबरएज योजनेतून अकरावीच्या मुलांच्या घरी संगणक पोचले. २०२१ पासून केअर्स योजनेतून शाळांत कोडिंग आणि रोबोटिक्स आलं. प्रत्येक लाटेत यंत्रं आली. लाट ओसरल्यावर त्या यंत्रांचं सॉफ्टवेअर कोण सांभाळणार, हे पहिल्या प्रकल्पातल्या स्वयंसेवकांना जितकं स्पष्ट होतं तितकं नंतर कागदावर दिसलं नाही. केरळने हे शाळांसाठी करून दाखवलं आहे. तिथली काईट ही सरकारी संस्था शाळांसाठी स्वतःचं लिनक्स काढते.

केंद्र सरकारचं २०१५ चं मुक्त स्रोत सॉफ्टवेअर धोरण तर स्पष्ट सांगतं की सरकारी मागणीत मुक्त स्रोताला प्राधान्य असावं आणि पुरवठादाराने तो पर्याय वगळला तर कारण द्यावं. मग ग्राफिक्सचा ड्रायव्हर यातून सुटतो कसा? तो आहे सॉफ्टवेअरच, पण येतो हार्डवेअरच्या दारातून. निविदेत लिहिलेलं असतं 'ग्राफिक्स कार्ड, २ जीबी किंवा अधिक', आणि त्या एका ओळीआडून दहा वर्षांचं बंदिस्त सॉफ्टवेअर खरेदी होतं. धोरणाची नजर तिथे पोचतच नाही.

यावर एक हरकत नेहमी येते: गोव्याच्या खाऱ्या, दमट हवेत कार्ड मुळात इतकी वर्षं टिकतं कुठे? पंखा अडकतो, कार्डाच्या पीसीआयई जोडणीच्या पायांना हिरवा थर चढतो, पावसाळ्यात वीज ये-जा करते त्यात कुठलं तरी कपॅसिटर जातं. हरकत अर्धी खरी. किनाऱ्यालगत ती पूर्ण खरी असेल. पण गंजलेलं कार्ड खोडरबराने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करता येतं, वाळपईचा मेकॅनिकही ते करतो. सहीअभावी अडलेलं फर्मवेअर तो साफ करू शकत नाही.

दुसरी हरकत जास्त वजनदार आहे: कुडा. मशीन लर्निंग शिकवायचं तर जवळजवळ सगळं साहित्य एनव्हिडियावर आधी चालतं. त्याला पर्याय असलेलं एएमडीचं आरओसीएम मुक्त स्रोत आहे, सुधारतही आहे, पण अधिकृत यादीत मोजकीच कार्डं असतात आणि विद्यार्थ्याचा पहिला आठवडा ते बसवण्यातच जातो. फर्मागुढीच्या आयआयटीत, कुंकळ्ळीच्या एनआयटीत संशोधनासाठी एनव्हिडिया घेतली तर मी वाद घालणार नाही. ब्लेंडर या थ्रीडी प्रोग्रॅमचा वर्ग चालवणाऱ्यालाही तिथे वेग जास्त मिळतो. तो निर्णय डोळे उघडे ठेवून, मुदत माहीत असताना घेतलेला असावा, म्हणजे पुरे. पण आठवीच्या वर्गात पायथन शिकवायला कुडा लागत नाही. तिथे वेगळं कार्ड लागतच नाही! इंटेल किंवा एएमडीच्या प्रोसेसरमधलं अंगभूत ग्राफिक्स पुरतं, त्याचे ड्रायव्हर कर्नलमध्येच असतात, आणि वाचलेल्या पैशांत रॅम दुप्पट होते. शाळेच्या निविदेत स्वतंत्र कार्डाची ओळ दिसली की ती का आहे हे पालक-शिक्षक संघाने जरूर विचारावं.

मुक्त ड्रायव्हर म्हणजे स्वर्ग असं मात्र मी कुणाला सांगणार नाही. एएमडीच्या कार्डांनाही बंद फर्मवेअर लागतंच. कंपनी ते कर्नलवाल्यांना वाटायला देते आणि घड्याळ अडवून ठेवत नाही, एवढाच दिलासा. बाजारात कालच आलेलं कार्ड घेऊन त्यावर जुनं दीर्घ मुदतीचं लिनक्स चढवलं तर पहिले काही महिने डोकेदुखीच. इंटेलचं आर्क बी५८० हे डिसेंबर २०२४ चं, १२ जीबीचं, मुक्त ड्रायव्हरचं कार्ड मला किमतीच्या मानाने आवडतं. पण जुन्या मदरबोर्डवर रीसाइझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) नसेल तर त्याचा वेग कोसळतो, म्हणजे ज्याला स्वस्त कार्ड हवंय त्याच्याच यंत्रात ते शोभत नाही. व्हॅलोरंट, फोर्टनाइट असे खेळ तर कुठल्याच कार्डावर लिनक्समध्ये चालत नाहीत. तिथे अडथळा कर्नलात शिरणाऱ्या अँटी-चीटचा, म्हणजे खेळातली लबाडी पकडणाऱ्या प्रोग्रॅमचा, आहे. ज्याची संध्याकाळ मित्रांबरोबर व्हॅलोरंट खेळण्यात जाते त्याने विंडोज ठेवावं, उगाच तत्त्वासाठी हाल करून घेऊ नयेत.

आणि एक अडचण थेट चित्राची आहे, ती एएमडीवाल्यांना बोचते. हल्ली घराच्या हॉलमध्ये मोठा ४के टीव्ही असतो आणि टीव्हीला डिस्प्लेपोर्ट नसतं, एचडीएमआयच असतं. ४के १२० हर्ट्झ पूर्ण रंगांत पाठवायचं तर एचडीएमआय २.१ लागतं. एएमडीने त्याचा मुक्त ड्रायव्हर लिहून एचडीएमआयचं मानक ठरवणाऱ्या एचडीएमआय फोरमकडे नेला. फेब्रुवारी २०२४ मध्ये कळलं की फोरमने तो उघड करायला नकार दिला आहे. कार्डात ताकद आहे, टीव्हीत आहे, केबलमध्ये आहे, पण लिनक्सवर जोडणी २.० चीच राहते: ६० हर्ट्झवर समाधान माना, नाही तर १२० साठी रंगाची माहिती चौथाईवर आणा आणि लाल अक्षरांच्या कडा फुटलेल्या पाहा. एनव्हिडियाकडे हे चालतं, कारण तिथला तो भाग बंदच आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झालेल्या व्हॉल्व्हच्या स्टीम मशीनच्या माहितीपत्रकातही एचडीएमआय २.० च लिहावं लागलं. डिस्प्लेपोर्टचा ॲडॉप्टर लावून लोक मार्ग काढतात. पण मानक म्हणजे सार्वजनिक रस्ता असायला हवा, आणि इथे तो सभासदांच्या आवारातून जातो. टीव्हीवरच खेळणाऱ्याने आज लिनक्ससाठी एनव्हिडिया घेतलं तर त्याला मी चुकीचं म्हणू शकत नाही.

तर घरच्यासाठी माझा सल्ला त्या-त्या माणसाप्रमाणे बदलतो. मॉनिटरवर, लिनक्सवर, सात-आठ वर्षांच्या हिशेबाने खेळणाऱ्याला एएमडी. १६ जीबीचं आरएक्स ९०६० एक्सटी परवडत असेल तर तेच. विंडोजवर राहणाऱ्याला, अपस्केलिंगची शेवटची धार हवी असणाऱ्याला एनव्हिडिया. वापरलेलं कार्ड घेताना १० मालिका लिनक्ससाठी घेऊच नका, ती कितीही स्वस्त मिळो. त्याच पैशांत जुनं आरएक्स ५८० बरं.

सरकारी खरेदीत मात्र आवडीनिवडीला जागा नसावी. शिक्षण खात्याच्या निविदेत अटी फार नकोत. ग्राफिक्सचा ड्रायव्हर लिनक्सच्या मूळ कर्नलमध्ये आणि मेसामध्ये समाविष्ट असावा. वेगळा डाउनलोड करून बसवायचा नसावा. तसा नसेल तर पुरवठादाराने लेखी कारण द्यावं आणि उत्पादक किती सालापर्यंत ड्रायव्हर पुरवणार ते साल लिहून द्यावं. यंत्रांचा ताबा घेण्याच्या दिवशी पेनड्राइव्हवर साधं डेबियन लिनक्स न्यावं, खोलीतलं कुठलंही एक यंत्र त्यावरून सुरू करावं, मॉनिटर पूर्ण रिझोल्यूशनवर येतो का, एखादा थ्रीडी प्रोग्रॅम न अडखळता चालतो का, यंत्र झोपवून पुन्हा उठवल्यावर पडदा परत येतो का, हे मुख्याध्यापकांसमोर पाहावं. अर्ध्या तासाचं काम आहे. त्यानंतर बिलावर सही करावी.